नऊ पिशव्यांतले आठशे ग्रॅम

शामकला शहारेला स्वतःच्या हाताचा अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवून ठेवला नाही. दवनीवाड्यापासून दोन कोसांवर तिचं गाव. आजूबाजूचे सगळे त्याला नुसतं टोला म्हणत. टोल्यात लग्न निघालं की आचारी ठरायच्या आधी लोक हिच्या दारात. दोनशे माणसांच्या वरणाला फोडणीचं तेल किती? ही बोटं मोजायची नाही, आकाशाकडे बघायची नाही, आकडा सांगून मोकळी. आणि पंगती उठल्यावर डब्यात पाहावं तर तेल उरलेलं नाही, कमीही पडलेलं नाही. शिक्षण म्हणाल तर चौथी. पण तेलाच्या बाबतीत मॅट्रिकवाल्यांनीसुद्धा आपल्यापुढं तोंड उघडू नये, असं तिचं मत होतं आणि ते ती बोलूनही दाखवायची.

हा हात तिला फुकट मिळाला नव्हता. १९९९ साली ती आणि तिचा नवरा सेवकराम तिच्या माहेरी, गोरेगावला राहत. सेवकराम गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायला जायचा आणि ही दुधराम साठवण्यांच्या तेलघाणीवर. दुधरामभाऊंची जवसाची घाणी, मोटारीवर चालणारी. लोक तेल न्यायला यायचे, कोणी किलोनं मागायचं, कोणी लिटरनं. गोंदियाकडची हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं ‘एक लीटर देना’ म्हणायची, खेड्यातल्या बाया किलोभर मागायच्या. त्यासाठी घाणीवर पत्र्याची दोन मापं होती, एक दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच. उंच ते किलोचं.

पहिल्याच आठवड्यात शामकलानं घोळ घातला. किलोचे पैसे दिलेल्या एका म्हातारीला लिटरच्या मापानं तेल भरून दिलं. दुधरामभाऊंनी ते दुरून पाहिलं होतं. म्हातारी गेल्यावर त्यांनी हिला बोलावलं. ओरडले नाहीत, एक पातेलं पाणी आणि पळीभर तेल मागवलं.

"हे तेल पान्यात टाक. बुडते का तरंगते?"

"तरंगते."

"काऊन तरंगते?"

शामकलानं पळीनं तेल खाली दाबलं. ते पुन्हा वर आलं.

"हलकं हाय म्हनून तरंगते, बाई. लिटरभर पानी भरते किलोभर. मंग तेवढंच तेल किलोभर कसं भरन? किलो पुरा कराले माप उंच लागते. जाय आता, त्या बुढीचं राह्यलेलं तेल देऊन ये."

म्हातारी तीन किलोमीटरवरच्या खेड्यातली. राहिलेलं तेल म्हणजे जेमतेम सत्तर ग्रॅम. एवढ्याशा तेलासाठी शामकला भर उन्हात पायी गेली आणि पायी आली. येताना तिला दुधरामभाऊंचा रागही आला होता आणि त्या रागातच तिनं ठरवलं की आपल्या मापात पुन्हा कोणाला खोट दाखवता येता कामा नये. चार वर्षं ती त्या घाणीवर होती. पुढे लोकांना पिशवीतलं पिवळंधमक तेल आवडायला लागलं, घाणी बंद पडली, आणि शहारे नवरा-बायको टोल्याला परत आले.

टोल्यात शाळेचं जेवण सुरू झालं तेव्हा काम महिला बचत गटाकडे आलं आणि गटानं स्वयंपाकाला शामकलाला उभं केलं. मदतीला सुशिलाबाई. पहिल्या वर्षी आठ-दहा घरांतली लेकरं घरून डबा घेऊन यायची. कारण कोणी बोललं नाही, तिनंही विचारलं नाही. बौद्ध बाईच्या हातचं म्हणून, एवढं कळायला विचारावं लागत नाही. तिनं आपलं काम केलं. वाटाण्याच्या उसळीला अशी फोडणी दिली की वास पटांगणापलीकडच्या वर्गात जायचा आणि दिवाळी येईपर्यंत डब्यातली पोरं आपोआप पंगतीत येऊन बसली. त्या दिवशी तिला झालेला आनंद तिनं सुशिलाबाईला सुद्धा सांगितला नाही, मात्र उसळ दोन वेळा वाढली.

शासनाचा नियम एका लेकरामागे पाच ग्रॅम तेलाचा होता. शामकलानं एक छोटी स्टीलची वाटी घेतली, वाण्याच्या काट्यावर बरोबर पन्नास ग्रॅम तेल तोलून त्यात ओतलं आणि तेल जिथवर आलं तिथे खिळ्यानं रेघ ओढली. दहा लेकरांमागे एक वाटी. पटावर ऐंशी लेकरं, म्हणजे रोज आठ वाट्या. कोणी गैरहजर असलं की त्या हिशेबानं कमी. गट वाण्याकडून सुटं तेल वजनावर आणायचा, दर महिन्याला दहा किलो. पंचवीस दिवस शाळा भरायची आणि पंचविसाव्या दिवशी डबा कोरडा व्हायचा. सहा वर्षं हे असं चाललं. डब्याचं तेल आणि शेवटची खिचडी एकाच दिवशी संपायची, आणि सुशिलाबाई दर महिन्याला तोंडात बोट घालायची.

मग नियम बदलला. वाण्याकडून तेल आणणं बंद, सगळा माल वरून यायला लागला. दर महिन्याच्या शेवटी एक गाडी यायची आणि पुढच्या महिन्याची डाळ, मसाला, तेल उतरवून जायची. तेल आता पिशव्यांत. गाडीवाल्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे, ‘तेल १०’. मुख्याध्यापक पटले सर ते रजिस्टरमध्ये उतरवत, ‘तेल १० किलो’. सरांचं चुकलं म्हणावं तर आख्ख्या गोंदिया जिल्ह्याचं चुकलं. त्या पिशवीला इथे सगळे किलोची पिशवीच म्हणतात. वाणी म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतं, शामकला स्वतःही म्हणायची. गाडी आली की ती दहाच्या दहा पिशव्या फोडून मोठ्या डब्यात ओतायची आणि वाटीनं रोज काढायची.

पहिल्याच महिन्यात तेल तेविसाव्या दिवशी संपलं.

शामकलाला वाटलं डबा गळतो. डबा पाण्यानं भरून पाहिला. थेंब गळला नाही. वाटी वाण्याकडे नेऊन पुन्हा तोलली. पन्नास ग्रॅम, काटा जागेवर. दुसऱ्या महिन्यात तिनं रेघेच्या वर थेंब जाऊ दिला नाही, तरी तेल तेविसाव्या दिवशीच संपलं. आता तिच्या मनात एकच विचार घर करून बसला: आपला हात सैल पडला. तेलघाणीवर चार वर्षं काढलेल्या बाईचा हात सैल पडला, हे ती कोणाला सांगणार? पटले सरांना सांगणं तर तिच्या जिवावर आलं. आणि शेवटच्या दोन दिवसांत लेकरांच्या ताटात बिनफोडणीचं पाणचट वरण वाढणं, हे त्याहून जिवावर आलं.

मग तिनं सोपा मार्ग काढला, म्हणजे तिला सोपा वाटला. महिन्याच्या शेवटी ती घरचं तेल बाटलीत भरून, पदराआड झाकून शाळेत न्यायची आणि जेवढं कमी पडेल तेवढं घालायची. घरी भाजी कोरडी व्हायला लागली.

"आपल्या घरचं तेल कुठी जाते वो?" सेवकराम ताटाकडे बघत विचारायचा.

"तुमच्या पोटात जाते. गुपचूप खा."

असे दहा महिने गेले. अभिमान माणसाला काय काय करायला लावतो ते पाहा. एक शब्द सरांना बोलली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मग ती शामकला नसती.

जुलै २०११ मध्ये शाळेच्या समितीचे नवे अध्यक्ष झाले दुलीचंद रहांगडाले. पंधरा एकर धानाची शेती, आवाज मोठा, आणि नव्या पदाचा उत्साह त्याहून मोठा. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी गाडी आली तेव्हा माल स्वतः उतरवून घ्यायला ते शाळेत हजर. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दोन-चार पालक व्हरांड्यात होते. नव्या दहा पिशव्या मोजून झाल्यावर दुलीचंदभाऊंनी रजिस्टर मागितलं. शाळेचा हा महिन्यातला तेविसावा दिवस; दहा किलोतून तेवीस दिवसांचं तेल वजा जाता आठशे ग्रॅम शिल्लक पाहिजे होतं.

"डबा दाखव बाई."

शामकलानं डबा दाखवला. कोरडा.

"आठशे ग्राम तेल कोठी गेलं?"

तेवढ्यात दुलीचंदभाऊंची नजर खुंटीवरच्या तिच्या पिशवीवर गेली. पिशवीतून बाटलीचं तोंड डोकावत होतं. त्यांनी बाटली ओढून वर धरली. आतून बाहेरून तेलानं माखलेली.

"हे काय होय?"

"मी घरून तेल आनत होती, भाऊ. कमी पडते म्हनून."

व्हरांड्यातले लोक हसले. खरंच हसले. शासनाचं तेल शाळेतून घरी जातं हे सगळ्यांना पटतं. घरचं तेल शाळेत येतं हे कोणाला पटेल?

"म्हंजे शाळेचं तेल कमी पडते, अन् तू घरचं आनून टाकते!" दुलीचंदभाऊ म्हणाले. "आमाले येडे समजते का? चोरी म्हन्तेत याले." त्यांनी तिथल्या तिथे स्वयंपाकघराची किल्ली काढून घेतली, रविवारी सकाळी पालकांची सभा लावली, आणि तोवर स्वयंपाक सुशिलाबाई करेल असं सांगून टाकलं.

शामकला घरी आली ती ताठ मानेनं, पण दार लावून घेतल्यावर भिंतीला टेकून बसली. काम जाईल याची भीती तिला होतीच. पण काम धानाच्या रोवणीचं मिळतं, तेंदूपानाचं मिळतं, हात असले की काम मिळतं. चोर हा शब्द तसा नाही. तो तिच्यासारख्या घराला लवकर चिकटतो आणि मग निघत नाही. उद्या स्नेहलला, तिच्या मुलीला, दवनीवाड्याच्या शाळेत कोणीतरी म्हणेल, हिची आई तेल चोरते.

संध्याकाळी पटले सर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त भांडणाला घाबरणारा होता.

"शामकलाबाई, माझा तुमच्यावर भरवसा आहे," सर म्हणाले. "एक करा. हात जरा सैल पडला, तेल जास्त गेलं, एवढं लिहून द्या. चोरीचा विषयच राहणार नाही. काम पण राहील तुमचं."

गंमत अशी की दहा महिने ती स्वतः हेच समजत होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हात सैल नाइ माहा, सर. लिहून देनार नाइ."

"मग तेल गेलं कुठे?"

"ते मले ठाऊक नाइ. पन हात सैल नाइ."

सर चहा न घेता गेले. सेवकराम इतका वेळ दारात बसून ऐकत होता. बाटलीची हकीकत त्याला आजच कळली होती. तो एवढंच म्हणाला, "दहा महिने कोरडं खाऊन राह्यलो मी. मले सांगतली असती त पोट भरून कोरडं खाल्लो असतो." इतक्या वेळात शामकला पहिल्यांदा रडली.

शनिवारी दुपारी सुशिलाबाई शाळेतून थेट तिच्याकडे आली. दोन दिवसांच्या स्वयंपाकानं बिचारीच्या नाकी नऊ आले होते.

"बाई, तुही वाटी खोटी हाय," ती आल्या आल्या म्हणाली.

"जीभ सांभाळ."

"खरंच सांगून राह्यली वो. मोठ्या डब्यात वतलं नाइ मी, एकच पिशवी फोडली. म्हटलं, किलोची पिशवी, पन्नास ग्रामची वाटी, वीस वाट्या भराले पायजे. काल आठ टाकल्या, आज आठ टाकल्या. राह्यल्या चार. चार नाइ निंघाल्या. दोन निंघाल्या अन् वरतं थेंबभर."

शामकला निवडत असलेले तांदूळ तसेच सुपात राहिले. "अठरा?"

"अठराच."

दहा महिन्यांत तिनं पिशवी कधी वाटीनं मोजलीच नव्हती. दहा पिशव्या एकदम डब्यात, आणि डब्यात गेल्यावर कोणती पिशवी कुठे संपली ते कोण सांगणार? वाटी खोटी नव्हती. ती दोनदा तोलून झाली होती. मग खोटं काय राहिलं? पिशवी! आणि तिच्या डोळ्यांपुढे दुधराम साठवण्यांची ती दोन मापं उभी राहिली, शेजारी शेजारी, एक बोटभर उंच.

"ते किलोची नोहेच," ती उठून उभी राहत म्हणाली. "सुशिला, ते पिशवी लिटरची होय!"

सुशिलाबाईला काही कळलं नाही. पण शामकलाचा चेहरा पाहून तिलाही बरं वाटलं, आणि तिनं हक्कानं चहा मागितला.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात साठ-सत्तर माणूस जमलं. बाया व्हरांड्याच्या कडेला, पुरुष पुढे, मध्ये टेबल, टेबलामागे दुलीचंदभाऊ आणि पटले सर. भाऊंनी आठशे ग्रॅमची कथा पुन्हा सांगितली, बाटली पुन्हा वर धरून दाखवली आणि विचारलं, "काही म्हनाचं हाय का?"

"म्हनाचं नाइ, तोलाचं हाय," शामकला म्हणाली. "नव्या मालातल्या नऊ पिशव्या बंद हायेत. त्या तोला."

"त्यात काय तोलाचं? नऊ पिशव्या, नऊ किलो."

"तोला ना मंग. तुमचं काय जाते?"

एवढा मोठा काटा शाळेत नव्हता. तो होता शेजारच्या अंगणवाडीत: लहान लेकरांना झोळीत घालून वजन करतात, तो टांगायचा गोल काटा. तो आणून व्हरांड्याच्या आढ्याला टांगला. रिकामी झोळी अडकवून सुई शून्यावर आणली. दुलीचंदभाऊंना आता थोडी शंका यायला लागली होती, ते म्हणाले, "लेकरं तोलाचा काटा हा. याचा काय भरवसा?"

शामकला याचीच वाट बघत होती. "बरोबर बोलले भाऊ. भरवसा नाइ त तुमच्या घरचे वजनं आना. तुमी धान ज्यानं तोलता ते."

आता स्वतःच्या घरची वजनं खोटी कोण म्हणेल? भाऊंचा गडी जाऊन लोखंडी वजनं घेऊन आला. एक पाच किलोचं, दोन दोन-दोन किलोंची. नऊ किलो झोळीत ठेवले. सुई बरोबर नऊवर जाऊन थांबली. पटले सरांनी मोठ्यानं वाचलं, "नऊ."

वजनं काढली. शामकलानं एकेक पिशवी उचलून झोळीत ठेवली आणि लोक मोजत गेले. आठव्या पिशवीपर्यंत पुरुष खुर्च्यांवरून उठून पुढे आले होते. नववी ठेवून ती बाजूला झाली. सुई हलली, डोलली आणि आठच्या पुढे दोन घरांवर थांबली. एक घर शंभर ग्रॅमचं.

"आठ किलो... दोनशे," सर म्हणाले, पण मोठ्यानं नाही.

"नऊ पायजे होते ना?" शामकला म्हणाली. "कमी किती हाय, सर?"

"आठशे ग्रॅम."

"हे घ्या भाऊ तुमचे आठशे ग्राम. माह्या घरी नाइ गेले. ते आलेच नोते."

मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, कंपनी लुटून राहिली. कोणी म्हणालं, पिशव्या फुटक्या असतील. शामकलानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. या वेळी तिचा आवाज दुलीचंदभाऊंपेक्षा मोठा होता.

"कोनी लुटलं नाइ. पिशवी लिटरची हाय, लिटर पुरा हाय. पन तेल पान्याहून हलकं रायते. लिटरभर तेल किलोभर भरत नाइ, नव्वद-शंभर ग्राम कमीच भरते. आपन सारे त्याले किलो म्हन्तो, मी बी म्हनत होती. रजिस्टरात किलो लिवलं, अन् लेकरायले माहा हात ग्रामानं वाढून राह्यला. दहा पिशव्यायमांग दोन-सवादोन दिसाचं तेल कमी. म्हनून तेविसाव्या दिशी डबा सुका."

पटले सरांनी झोळीतून एक पिशवी उचलली, चष्मा नाकावर सरकवला आणि उलटसुलट करून खालच्या कडेची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. त्यांचे कान लाल झाले. "लिहिलेलं आहे," ते म्हणाले. "एक लिटर. खाली कंसात, नऊशे दहा ग्रॅम." दहा महिने दहा-दहा पिशव्या त्यांच्या सहीनं आत गेल्या होत्या. पोरांना ते रोज दशांश अपूर्णांक शिकवत, पण पिशवी उलटून पाहायचं काही त्यांना सुचलं नव्हतं.

दुलीचंदभाऊंनी शेवटचा धागा धरला. "मंग बाटलीचं काय? तेल कमी आलं हे मानलं. पन बाटली तेलाची होती का नाइ?"

आता सुशिलाबाई व्हरांड्यातून उठली. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. "भाऊ, ते बाटली महिन्याच्या शेवटीच येत होती. डबा भरला रायते तवा कधी नाइ दिसली. चोर भरला डबा सोडून सुक्या डब्यातून तेल नेते का?"

या वेळीही लोक हसले, पण शामकलाला नाही.

दहा महिने आपल्या लेकरांच्या वरणात शेवटचे दोन दिवस कोणाच्या घरचं तेल होतं, हे बायांना एकदम उमगलं आणि व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. आणखी एक गोष्ट पटले सरांच्या डोक्यात तेव्हा शिरली आणि त्यांनी ती उभं राहून सांगितली. शामकलाबाईंनी वाटी सोडून पिशवीच्या हिशेबानं तेल घातलं असतं, तर रजिस्टर महिनोन्‌महिने बरोबर जुळलं असतं. कोणाला काही कळलं नसतं. फक्त प्रत्येक लेकराच्या ताटात रोज थोडं तेल कमी पडलं असतं. "आपलं रजिस्टर जुळलं नाही," सर म्हणाले, "कारण ही बाई लेकरांना पूर्ण वाढत होती."

तिला वाटलं आता दुधरामभाऊ इथे असायला हवे होते. पण ती रडली नाही; एवढ्या लोकांपुढे रडायला ती काही हरलेली नव्हती.

सरांनी विचारलं, घरून आणलेल्या तेलाची भरपाई कशी करायची. तिनं मान हलवली. "ते लेकरायनं खाल्लं. वापस कायले घेऊ? पुढच्या महिन्यापासून दहाच्या जागी अकरा पिशव्या मांगा, बस." सरांनी तिथेच मागणीचं पत्र लिहायला घेतलं, आणि तालुक्याच्या बैठकीत बाकीच्या शाळांनाही हे सांगतो असा शब्द दिला.

दुलीचंदभाऊ उठले, धोतराचा सोगा झटकला. "चला, झालं मंग. किल्ली घे बाई, उद्यापासून कामाले लाग. सर, सभेच्या रजिस्टरात लिवा, तेलाबद्दलचा गैरसमज दूर झाला." लोकही उठायला लागले होते. ऊन चढलं होतं, रोवणीचे दिवस, प्रत्येकाला धानाच्या बांधीवर जायची घाई.

शामकलानं टेबलावरची किल्ली घेतली नाही.

"गैरसमज कोनाचा, भाऊ?"

"म्हंजे?"

"गुरवारी तुमी गैरसमज नाइ म्हटले. चोरी म्हटले. चार मानसांत म्हटले, अन् आज गाव बलावून म्हटले. चोरी चारचौघांत, अन् गैरसमज कागदात, असं कसं जमन? जे झालं ते लिवा. अन् तुमीच वाचून दाखवा."

दुलीचंदभाऊंनी सरांकडे पाहिलं. सर, जे भांडणाला घाबरायचे, रजिस्टर उघडून बसले होते आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. भाऊंनी लोकांकडे पाहिलं. उठलेले लोक पुन्हा बसले होते, आणि पुढच्या रांगेत सेवकराम होता, हाताची घडी घालून, आयुष्यात कुठली घाई नसल्यासारखा.

सरांनी लिहिलं. लिहून झाल्यावर रजिस्टर दुलीचंदभाऊंच्या पुढे सरकवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि भराभर वाचून टाकलं, खाली मान घालून, ओठातल्या ओठात:

"तेलाची पिशवी लिटरची असताना शाळेने व समितीने ती किलोची धरली. चूक शाळेची व समितीची आहे. शामकला सेवकराम शहारे यांनी चोरी केलेली नाही. त्यांचे माप बरोबर आहे. त्यांनी दहा महिने घरचे तेल आणून मुलांच्या जेवणात घातले."

भाऊंनी रजिस्टर मिटलं. शामकला वळून व्हरांड्याकडे पाहत होती. तिथे बाया होत्या, गुरुवारी हसलेल्यांच्या बायका, आणि त्यांच्यात स्नेहल उभी होती, टाचा उंच करून टेबलाकडे बघत.

"मांगं आयकू नाइ आलं, भाऊ," शामकला म्हणाली. "आखीन एक खेप वाचा."

दुलीचंदभाऊंनी घसा साफ केला, रजिस्टर उघडलं, आणि उभं राहून, मोठ्यानं, पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं.